कादंबरीतले गाव

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या घरातल्या पुस्तकांना वाईट जातात. वर्षभर ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, ती पुस्तके त्या आठ दिवसांत एकाएकी सर्वांच्या डोळ्यांवर येतात. ती अंगणातल्या चटईवर येऊन पडतात, उन्हात तापतात, आणि जो तो जाता-येता "यातली निम्मी तरी आता काढून टाका" असा सल्ला मला देऊन जातो. मी सल्ला ऐकतो आणि फडक्याने एकेक पुस्तक पुसून पुन्हा मांडणीवर ठेवतो. ही मांडणी जुन्या लाकडाची आहे. तिच्या उभ्या खांबांना जागोजागी भोके आहेत. ती कशाची, हे आमच्या घरातल्या मुलांना ठाऊक नाही. ते पुढे ओघाने येईलच.

यंदा हे काम चालले असतानाच माझ्या धाकट्या भावाची मुलगी पुण्याहून आली. ती तेथे नोकरी करते, स्वतःचे पैसे स्वतः मिळवते, आणि आमच्या उमरेडच्या घरात पाऊल टाकताच पुन्हा दहा वर्षांची होते. बॅग ओसरीवर टाकून ती माझ्यासमोर चटईवर बसली, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "मोठेबाबा, मी इस्तंबूलला जाणार आहे."

"ऑफिसच्या कामाने?" मी विचारले.

"नाही. ही कादंबरी वाचली म्हणून."

कादंबरी होती ओरहान पामुक या तुर्की लेखकाची, 'द म्युझियम ऑफ इनोसन्स'. पामुकला २००६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही कादंबरी २००८ ची. तिची हकिकत पुतणीने मला पुस्तके पुसता पुसता सांगितली. केमाल नावाचा एक श्रीमंत घरचा तरुण फ्युसून नावाच्या, दूरच्या नात्यातल्या गरीब मुलीच्या प्रेमात पडतो. ती त्याच्या हातून निसटते. मग तो वर्षानुवर्षे तिच्या घरी जेवावयास जात राहतो आणि तिचा हात लागलेल्या वस्तू गुपचूप खिशात घालून आणीत राहतो. शेवटी त्या वस्तूंचे तो एक संग्रहालय करतो. येथवर सारे कादंबरीतले. नवल पुढेच आहे. पामुकने २०१२ मध्ये इस्तंबूलच्या चुकुरजुमा या वस्तीतील एका जुन्या घरात हे संग्रहालय खरोखरच उघडले. कादंबरीची प्रकरणे ८३. त्याच क्रमाने संग्रहालयातली कपाटे. एका भिंतीवर तर फ्युसूनने ओढलेल्या म्हणून ४,२१३ सिगारेटींची थोटके टाचून ठेवली आहेत. कादंबरीच्या शेवटाकडे एक तिकीट छापले आहे. पुस्तक घेऊन गेले की तेथे त्याच्यावर शिक्का मारतात आणि वाचकाला फुकट आत सोडतात.

"मला माझ्या तिकिटावर शिक्का मारून घ्यायचा आहे," पुतणी म्हणाली.

माझा भाऊ तेव्हा दाराशी स्टुलावर उभा राहून आकाशकंदिलाची वायर जोडीत होता. कोळशाच्या खाणीत सारी उमेद घालवून तो निवृत्त झाला आहे. जे हाताला लागते आणि काट्यावर तोलता येते ते खरे, असे त्याचे साधे तत्त्वज्ञान. तो वरूनच म्हणाला, "काहून रे दादा, ऐकून राहिला न तू? जी पोरगी कधी जन्माला आलीच नाही, तिनं ओढलेल्या सिगारेटी पाहायला ही समुद्र ओलांडून जाऊन राहिली! अन् तेही कष्टाच्या पैशानं! आता तूच सांग हिला."

घरात हशा पिकला. पुतणी मात्र हसली नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसाला कोणी निकाल द्यावयास सांगितले की त्याला मनातून बरे वाटते. मी भाऊबीजेपर्यंतची मुदत मागून घेतली. वास्तविक मला विचार करावयास वेळ हवा होता असे नव्हे. हा प्रश्न मला ३० वर्षांपूर्वीच एका परक्या माणसाने घातला होता, आणि त्याचे उत्तर मी घरात कोणाला सांगितले नव्हते.

प्रश्न खरे म्हणजे दोन आहेत, आणि आपण ते नेहमी एकत्र करतो. जे कधी घडलेच नाही ते पाहावयास जाणे हा वेडेपणा आहे काय, हा एक. आणि वेडेपणा नसला तरी ते रास्त आहे काय, हा दुसरा. माझा भाऊ पहिला प्रश्न विचारीत होता. तो सोपा आहे.

आपल्या नागपूर जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. कालिदासाने मेघदूतात शापित यक्षाला ज्या रामगिरीवर वर्षभर ठेवले, तो रामगिरी म्हणजे आपले रामटेक, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पुराव्यानिशी मांडले. आज त्या टेकडीवर कालिदासाचे स्मारक आहे. १९९७ मध्ये रामटेकला त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठही निघाले. आता, यक्ष झाला होता काय? त्याने मेघाला निरोप सांगितला होता काय? नाही. तरी आषाढ लागला की टेकडीवर जाऊन ढगांकडे पाहणारी शहाणीसुरती माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या एकालाही कोणी वेडा म्हटलेले नाही. मी हे भावाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "ते देवाचं ठिकाण आहे. मी रामासाठी जातो, यक्षासाठी नाही." याला उत्तर नाही. पण ढग पाहावयास तोही थांबतो, हे मला माहीत आहे.

गो. नी. दांडेकरांचा 'माचीवरला बुधा' वाचून राजमाची चढणारे, रणजित देसाईंची 'स्वामी' वाचून थेऊरला जाणारे लोक आपल्यात आहेत. थेऊरचा गणपती अष्टविनायकांपैकी एक. तरी 'स्वामी' वाचलेला वाचक गणपतीला नमस्कार करून झाला की नदीकाठी रमाबाईंची समाधी शोधीत जातो. थोरले माधवराव तेथे १७७२ मध्ये वारले ही गोष्ट इतिहासाची. पण पाय वळवले ते कादंबरीने. तेव्हा कादंबरीपायी प्रवास करणे हा वेडेपणा असेल तर तो आपला जुना आणि घरचा वेडेपणा आहे. इस्तंबूल थोडे लांब, एवढाच फरक.

दुसरा प्रश्न कठीण आहे, आणि तो मला पानिपतावर भेटला.

विश्वास पाटलांची 'पानिपत' ही कादंबरी १९८८ मध्ये आली. आमच्या शाळेत ती यावयास थोडा काळ गेला. मी इतिहास शिकवीत असे. पानिपतच्या तिसऱ्या लढाईचा धडा मी वर्षानुवर्षे शिकविला होता: १४ जानेवारी १७६१, अहमदशहा अब्दाली, सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, पराभवाची कारणे, पराभवाचे परिणाम. मुले पाठ करीत, मी तपाशीत असे. इतकी वर्षे शिकवून पानिपतला जावे असे मला एकदाही वाटले नाही. कादंबरी मात्र मी दोन रात्रींत वाचली, आणि तिसऱ्या दिवशी वर्गात तोच धडा सांगताना माझा आवाज फुटेना. धड्याने मला तारीख दिली होती. कादंबरीने भुकेलेली माणसे दिली. कल्पित वाङ्मयाला खोटे म्हणणाऱ्यांनी एवढा तरी विचार करावा, की जे खरे आहे ते खरे वाटावे म्हणूनही कधी कधी त्याचीच मदत घ्यावी लागते.

पुढे १९९५ च्या संक्रांतीला जाण्याचा योग जमला. त्या वेळी उमरेडहून नागपूरला छोटी गाडी जात असे. ही अरुंद रेल्वे २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या गाडीने नागपूर, नागपूरहून दिल्ली, आणि दिल्लीहून एसटीसारख्याच खडखडणाऱ्या बसने उत्तरेकडे नव्वदेक किलोमीटर पानिपत. बायकोने बरोबर तिळगुळाचा डबा दिला होता. कडाक्याची थंडी, हातभर पुढचे दिसू नये असे धुके. मी शहरात थांबलोच नाही. स्टँडवरून रिक्षा केली आणि थेट आठ-एक किलोमीटरवरच्या काला अंबला गेलो. तेथे पूर्वी एक आंब्याचे झाड होते. रणात सांडलेल्या रक्ताने ते काळे पडले अशी आख्यायिका आहे. झाड केव्हाच वाळून गेले. आता तेथे विटांचा एक स्तंभ, त्यात लोखंडी दांडा, भोवती लोखंडी कुंपण, आणि चहूकडे शेते. मी कुंपणाशी उभा राहिलो. कादंबरीतले एकेक माणूस धुक्यातून माझ्यासमोर येऊ लागले. मी रडलो, हे सांगावयास मला लाज वाटत नाही. स्तंभापाशी चार तिळाच्या वड्या ठेवल्या आणि परत फिरलो.

दिल्लीची बस यावयास वेळ होता. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसलो. शेजारी साठीचा एक माणूस बसला होता. अंगावर जाड चादर, कपड्यांना सुताचे तंतू चिकटलेले. त्याने मला विचारले, महाराष्ट्रातले का? मी हो म्हटले. त्यावर तो हिंदीत जे बोलला त्याचा अर्थ असा: "तुमच्याकडचे लोक येतात. शेतात जातात, रडतात, परत जातात. शहरात कोणी येत नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रोजचा अनुभव सांगावा तसे त्याने सांगितले. पण मला ते लागले. एखाद्याच्या घरी जाऊन, त्याच्या अंगणात आपल्या मयताला रडून, घरच्या माणसांशी एक शब्द न बोलता निघून यावे, तसे मी केले होते. इतकेच नव्हे, आम्ही मराठी माणसांनी त्या गावाचे नावच आपल्या सर्वनाशाला देऊन टाकले आहे. परीक्षेत नापास झालो तरी 'माझे पानिपत झाले' म्हणतो. कोणी शब्द मोडला की 'विश्वास गेला पानिपतात' म्हणतो. ज्या गावात लग्ने होतात, बाळे जन्मतात, दिवाळीला दिवे लागतात, त्या गावाला आपण असे म्हणतो हे त्या माणसाला ठाऊक असते तर?

बोलता बोलता तो मला आपल्या घरी घेऊन गेला. मी इतिहासाचा शिक्षक. पण त्या पाऊण तासाच्या चालण्यात मला जे कळले ते मला माहीत असावयास हवे होते आणि नव्हते. इब्राहिम लोदी पडला तो याच पानिपतावर, १५२६ मध्ये. त्याची कबर गावातच आहे. बाबराने विजयानंतर बांधविलेली काबुली बाग मशीद गावातच आहे. बू अली शहा कलंदरांचा दर्गा बाजाराच्या गर्दीत आहे, आणि तेथे सर्व धर्मांचे लोक जातात. उर्दूचे मोठे कवी अल्ताफ हुसेन हाली १८३७ मध्ये येथेच जन्मले. त्यांच्याच घराण्यातले ख्वाजा अहमद अब्बास, ज्यांनी राज कपूरचा 'आवारा' लिहिला, तेही पानिपतचेच. कादंबरीला या साऱ्यांशी कर्तव्य नव्हते, आणि ते योग्यच होते. तिला १७६१ चे एक दुःख सांगावयाचे होते. कर्तव्य माझे होते. मी गावात आलो होतो; कादंबरी आली नव्हती.

त्याच्या घरामागे विणकामाची शेड होती. पानिपत हे विणकरांचे गाव आहे. तेथली घोंगडी, चादरी, सतरंज्या देशभर जातात. चार माग चालू होते आणि त्यांवर खेस, म्हणजे जाड सुती चादरी, विणल्या जात होत्या. मागांचा तो आवाज ऐकला आणि मी दारातच थबकलो. तो आवाज मी लहानपणी झोपेत ऐकला होता.

आमचे उमरेड आज कोळशासाठी, मिरचीसाठी आणि अलीकडे कऱ्हांडल्याच्या वाघांसाठी ओळखले जाते. पण त्याआधी ते रेशीमकाठी धोतरांचे गाव होते. कोष्टी आळीत घरोघर माग होते. त्यांतला एक आमच्या घरी होता, माझ्या आजोबांचा. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसावयाचे आणि धोटा फेकावयाचा, असा तो खड्डा माग. आजोबा गेले, वडिलांनी दुसरा धंदा धरला, आणि माग अडगळ म्हणून मागच्या खोलीत उरला. वडील १९८५ मध्ये वारले. त्याच वर्षी मी सुताराला बोलावून तो माग उतरविला, खड्डा बुजविला आणि त्या लाकडाची पुस्तकांसाठी मांडणी करून घेतली. त्या वेळी ते मला मोठे काटकसरीचे आणि सुसंस्कृतपणाचे काम वाटले होते.

त्या विणकराने मला विचारले, "तुमच्या गावात काय आहे?" मी म्हटले, "कोळशाची खाण." "आणि त्याआधी?" "विणकर होते." "तुम्ही?" "आजोबा." त्याचा चेहरा उजळला. त्याने एका मागावरच्या मुलाला उठविले, मला तेथे बसविले आणि धोटा माझ्या हातात दिला. मला तो फेकता आला नाही. एकदा ताण्यात अडकला, एकदा खाली पडला. मुले हसली, तो हसला नाही.

मग चहा आला. मी तिळगुळाचा डबा उघडला. आदल्याच दिवशी त्यांची लोहडी झाली होती. त्याने आतून रेवड्या आणविल्या. आम्ही एकमेकांचे तीळ आणि गूळ खाल्ले. त्याने सांगितले की त्याचे कुटुंब १९४७ मध्ये पश्चिम पंजाबातून सर्व टाकून आले. पानिपतात तेव्हा मुसलमानांची मोठी वस्ती होती. ते तिकडे गेले आणि हे त्यांच्या घरांत आले. "हे घर मिळालं तेव्हा त्यात मागाचा खड्डा होता," तो म्हणाला. "ज्याचा होता तो आमच्यासारखाच विणकर असणार. त्याचा कोणी मुलगा-नातू आला तर मी दार उघडीन. खड्डा अजून ठेवलाय. पण कोणी आलं नाही."

मी खड्डा बुजविला होता, आणि तो माझ्या स्वतःच्या आजोबांचा होता. याने परक्याचा ठेवला होता.

त्या रात्री दिल्लीच्या बसमध्ये मला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण प्रश्न नीट दिसला. कल्पित कथेच्या ओढीने दूरच्या गावी जाण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते, गाव आपल्या कथेपुरतेच आहे असे धरून चालणे. कादंबरी वाचून आपल्या मनात त्या गावाविषयी माया उत्पन्न होते. ही माया फुकट मिळते, म्हणून तिचा आपल्याला गर्व होतो. आपल्याला वाटते, हे गाव आपल्याला कळले; जणू ते आपल्या नावावर झाले. वस्तुतः झालेले असते एवढेच, की आपण त्या गावाचे देणेकरी झालो. लेखकाने एका गोष्टीचे दार उघडून दिले. तेथवर गेल्यावर बाकीची दारे ठोठावणे हे आपले काम.

आणि हे केवळ आपल्याच वाट्याला आलेले नाही. ज्या इस्तंबूलकडे माझी पुतणी निघाली आहे, त्याचीच गोष्ट घ्या. प्येर लोती नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १८७९ मध्ये 'अझियादे' ही कादंबरी प्रसिद्ध केली: फ्रेंच अधिकारी, तुर्की जनानखान्यातली सुंदरी, चोरटे प्रेम. ती वाचून युरोपातल्या कित्येक वाचकांना इस्तंबूलचे वेड लागले. तेथल्या एय्यूप भागातल्या टेकडीला आज लोतीचेच नाव आहे. वर कॉफीचे दुकान आहे आणि प्रवासी तेथून खाडी पाहतात. पण तुर्कांचाच महाकवी नाझिम हिकमत याने १९२५ मध्ये लोतीवर एक जळजळीत कविता लिहिली. त्याचा राग असा की, या माणसाला आमच्या देशातली गूढ पडदेवाली सुंदरी दिसली, उपाशी माणूस दिसला नाही. गंमत अशी की टेकडीला नाव लोतीचे मिळाले, हिकमतला मिळाली वर्षानुवर्षांची कैद. तरी मला वाटते, त्या टेकडीवर कॉफी पिणाऱ्याने या दोघांचीही आठवण ठेवावी. ज्याने प्रेम केले त्याची, आणि ज्याने ते प्रेम अपुरे ठरविले त्याचीही.

पामुकची गोष्ट निराळी; तो त्याच शहरात जन्मला आणि वाढला. पण त्याचे संग्रहालय ज्या बेयोग्लू भागात आहे, तेथे एके काळी ग्रीकांची मोठी वस्ती होती. १९५५ च्या सप्टेंबरात एका रात्रीत त्यांची दुकाने आणि घरे फोडली गेली. पुढच्या काही वर्षांत बहुतेक ग्रीक देश सोडून गेले. म्हणजे फ्युसूनच्या थोटकांच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर पानिपतसारखीच घरे आहेत, ज्यांत आज दुसरीच माणसे राहतात. ती घरे कोणत्या कपाटात मांडलेली नाहीत.

पानिपतहून परतल्यावर मला आणखी एक शरमेची गोष्ट उमगली. आमच्या गावाहून तास-सव्वा तासाच्या वाटेवर, वैनगंगेच्या काठी, पवनी आहे. तेथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आणला. मी हे शिक्षक म्हणून वाचले होते. पाहावयास कधी गेलो नव्हतो. कारण उघड आहे. पवनीवर कोणी कादंबरी लिहिलेली माझ्या हाती आली नाही, म्हणून तिची मला ओढ नव्हती. हजार किलोमीटरवरच्या रणांगणावर रडावयास मी रजा काढून गेलो, आणि शेजारच्या टेकडीला मी पाठ दिली होती. पुढच्याच महिन्यात मी सायकल एसटीच्या टपावर टाकून पवनीला गेलो. तेथे मिळालेल्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. राजेलोकांची नव्हेत, साध्या स्त्रीपुरुषांची. त्यांनी आपापल्या परीने एकेक दगड दिला आणि नाव ठेवून ते गेले. त्यांची कथा लिहावयास कोणी नाही. पण ती त्यांनी जमेल तेवढी स्वतःच लिहून ठेवली आहे. पानिपतला गेलो नसतो तर हे दगड पाहण्याची अक्कल मला आली नसती. म्हणजे कादंबरीने मला शेवटी माझ्याच तालुक्याशेजारी आणून सोडले. हे तिचे उपकार मी नाकारीत नाही.

भाऊबीजेला जेवणे झाल्यावर पुतणीने माझा निकाल मागितला. मी तिला पानिपतची सारी हकिकत सांगितली. ३० वर्षांत पहिल्यांदाच सांगितली. मागाचे काय केले, तेही. मग म्हटले, "तू जा. अवश्य जा. तिकिटावर शिक्का मारून घे, थोटके मोजायची असतील तर मोज. पण एक दिवस पुस्तक खोलीवर ठेव आणि त्या गल्लीतून हिंड. एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचार, हे घर आधी कोणाचे होते, आणि तुमचे आजोबा काय करीत. भाषा येत नसली तरी विचार. तेवढं केलंस तर तुझा प्रवास तुझ्या पैशांचा झाला असं मी समजेन."

तिने मान हलविली. थोडा वेळ ती काही बोलली नाही, मग उठून मांडणीजवळ गेली, पुस्तके जरा बाजूला सारली आणि एका खांबाच्या भोकात बोट घालून म्हणाली, "मोठेबाबा, आपले पणजोबा काय विणायचे?"

या घरात हा प्रश्न इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी उत्तर देणार तोच ओसरीवरून माझा भाऊ बोलला. "रेशीमकाठी धोतर," तो म्हणाला. "मी कांड्या भरून देत होतो. दादाला नाही येत होत्या. तो पुस्तक घेऊन पळे." आणि तो आत आला. मला वाटत होते की सगळे मला आठवते. पण ज्याला गोष्टींचे वावडे, त्या माझ्या भावाला माझ्याहून कितीतरी अधिक आठवत होते. कांडी भरताना सूत ओले कसे ठेवीत, लाल काठाचे रेशीम आजोबा कोणाला हात लावू देत नसत, धोतर पुरे झाले की खड्ड्यातून उठून ते प्रथम आजीला हाक मारीत. खांबावरच्या प्रत्येक भोकातून काय जात असे, हे त्याने पुतणीला बोट ठेवून दाखविले. पणत्यांतले तेल संपत आले तरी त्याचे सांगणे संपेना.

शेवटी तो थांबला, मुलीकडे पाहिले आणि नेहमीच्या सुरात विचारले, "पासपोर्ट तरी काढून ठेवला का?"